बी.कॉम.च्या वर्गातले कायदा, डेटा विश्लेषण आणि माहिती तंत्रज्ञान: तीन पेपर की एकच विषय?

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाणिज्य महाविद्यालयात गेली सतरा वर्षे व्यावसायिक कायदे शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात आमच्या बी.कॉम.ला मुख्य विषयांच्या जोडीला मायनर, कौशल्याधारित आणि खुल्या निवडीचे बरेच छोटे पेपर आले आहेत. त्यांपैकी व्यावसायिक कायदा, डेटा विश्लेषण आणि माहिती तंत्रज्ञान हे तीन येत्या सत्रापासून आमच्या विभागाकडे आहेत. प्रत्येकाला दोन श्रेयांक आहेत, म्हणजे व्याख्यानाचे तीस तास, आणि प्रात्यक्षिक धरले तर साठ.

या तिन्ही विषयांना तीन शिक्षक, तीन गाइडे आणि तीन वेगळ्या वह्या असतात. मुले करार कायद्याचे कलम १० तोंडपाठ म्हणतात, संगणकाच्या तासाला स्प्रेडशीटमधले पर्याय एकेक उघडून पाहतात आणि संख्याशास्त्रात प्रमाण विचलन हाताने काढतात. हे सगळे एकाच दुकानातल्या एकाच व्यवहाराबद्दल आहे, हे मात्र त्यांना तीन वर्षांत कोणी सांगत नाही. मीसुद्धा इतकी वर्षे सांगितले नाही.

गेल्या वर्षी घडलेल्या एका गोष्टीने मला हलवले. माझा एक जुना विद्यार्थी चुलत भावाच्या दुकानाचे हिशेब पाहतो. एका गिऱ्हाइकाचा धनादेश न वटता परत आला, आणि तो माझ्याकडे आला तेव्हा बँकेचा मेमो हाती पडून एकेचाळीस दिवस झाले होते. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. कलमाचा क्रमांक त्याला आठवत होता, पण दिवस कधीपासून मोजायचे हे आठवत नव्हते. या विषयात त्याला माझ्याच हातून बहात्तर गुण मिळाले होते.

म्हणून वकिली, हिशेब किंवा डेटाचे काम रोज करणाऱ्यांना माझे विचारणे आहे की हे तिन्ही पेपर एका धाग्यात ओवून शिकवता येतील का, आणि तो धागा कोणता असावा?

वऱ्हाडी_वकील

ताई, त्या धनादेशाची मुदत तेव्हा शिल्लक होती का? १ एप्रिल २०१२ पासून धनादेश तीनच महिने चालतो, पण त्या मुदतीत तो पुन्हा बँकेत भरता येतो. दुसऱ्यांदा परत आला तर त्या मेमोपासून नोटिशीचे तीस दिवस नव्याने मिळतात. पहिली नोटीस चुकली म्हणून हक्क कायमचा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे.

तुमच्या मूळ प्रश्नासाठी मी एक खटला सुचवतो. तो आमच्याच भागातला असूनही आमच्या भागातल्या मुलांना माहीत नसतो, याचे मला वाईट वाटते. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी ट्रंक कॉलवर, म्हणजे लांबच्या गावी लावलेल्या टेलिफोनवर, सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल आला नाही, म्हणून व्यापाऱ्याने ३१,१५० रुपयांच्या भरपाईचा दावा अहमदाबादच्या न्यायालयात लावला. खामगावकरांचे म्हणणे असे होते की होकार आम्ही खामगावात उच्चारला, करार तिथेच झाला, तेव्हा अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली बहुमताने ठरले की टेलिफोनवर होकार जिथे ऐकू येतो तिथे करार पुरा होतो, म्हणजे अहमदाबादला.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत दिले. हे नागपूरच्या वकिलीतून वर गेलेले न्यायाधीश. करार कायदा १८७२ चा, तेव्हा टेलिफोन नव्हताच. पण कायद्याच्या कलम ४ ची भाषा पाहिली तर होकार बोलणाऱ्याच्या हातून सुटला की प्रस्ताव देणारा बांधला जातो, म्हणून करार खामगावचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी हे मत आजही मुद्दाम वाचायला देतो, कारण जुना कायदा नव्या यंत्राला लावताना विचार कसा करावा हे त्यात पायरीपायरीने दिसते.

तुमच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पेपरला इथूनच वाट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद केव्हा पाठवली आणि केव्हा मिळाली असे धरायचे, आणि ती कोणत्या ठिकाणाहून निघाली असे मानायचे, हे लिहिलेले आहे. मोबाईल हातात घेऊन माणूस कुठेही उभा असला तरी नोंद त्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून निघाली असे कायदा धरतो. कलम १०अ नंतर जोडले गेले. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही, असे ते सांगते. तुमच्या वर्गाला विचारा, खामगावचा तो सौदा आज व्हॉट्सअ‍ॅपवर झाला असता तर दावा कुठे लागला असता? एका प्रश्नात दोन पेपर आले.

उभा_आडवा

मी इचलकरंजीत चार यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब पाहतो. माझे स्वतःचे बी.कॉम. जुन्या अभ्यासक्रमाचे आहे, म्हणून मी फक्त महिनाभर काय करतो तेवढे सांगतो.

महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रेते आपापला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचे जीएसटी विवरण, भरतात, १४ तारखेला त्यावरून आमच्या खरेदीचे २बी हे विवरण तयार होते, आणि २० तारखेपर्यंत आम्हाला ३बी हे कर भरण्याचे विवरण भरायचे असते. या मधल्या सहा दिवसांत आमच्या खरेदीवहीतले प्रत्येक बिल २बी मधल्या नोंदीशी जुळवावे लागते. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की विक्रेत्याने बिल भरले नाही आणि ते २बी मध्ये दिसले नाही, तर त्या कराची वजावट आम्हाला घेता येत नाही. माल आला, पैसे दिले, बिल फाइलला आहे, तरीही नाही. ही कायद्याची बाजू झाली.

प्रत्यक्षात अडते ते दुसरीकडेच. विक्रेत्याच्या बिलाचा क्रमांक ००७ असतो आणि आमच्या मुलाने स्प्रेडशीटमध्ये भरला की तो ७ होतो. क्रमांक ५-२४ असेल तर स्प्रेडशीट ती मे महिन्याची तारीख समजते. एकाने तिरकी रेघ दिली, दुसऱ्याने आडवी, तिसऱ्याने शेवटी एक मोकळी जागा सोडली, की व्हीलुकअपला, म्हणजे एका यादीतली नोंद दुसरीत शोधणाऱ्या स्प्रेडशीटच्या सूत्राला, ती तिन्ही वेगवेगळी बिले वाटतात. त्यात त्या सूत्राचा चौथा भाग, म्हणजे नेमके जुळणारेच हवे की जवळपासचे चालेल हे, लिहिलाच नाही तर ते जवळपासचे काहीतरी उचलून आणते, आणि ते चुकीचे आहे हे सांगतही नाही. नव्याने लागणाऱ्या पदवीधरांना मी पहिला आठवडा एवढेच शिकवतो: आकडे भरण्याआधी रकाना मजकुराचा करून घ्या. हे त्यांना महाविद्यालयात कळले असते तर माझा आणि त्यांचा दोघांचाही आठवडा वाचला असता.

जीएसटी क्रमांकही ताईंच्या कामाचा आहे. पंधरा चिन्हांपैकी पहिली दोन राज्याची असतात, आपली २७ आणि गोव्याची ३०. पुढची दहा पॅनची, मग नोंदणीचा अनुक्रम, मग बहुधा झेड, आणि शेवटचे चिन्ह आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले तपासणीचे. क्रमांक टंकताना चूक झाली तर त्या शेवटच्या चिन्हावरून ती पकडता येते. मुलांना ते सूत्र स्प्रेडशीटमध्ये स्वतः मांडायला लावले तर माहिती तंत्रज्ञान म्हणजे काय हे व्याख्येवाचून समजेल.

मध्यक

मी पुण्यात एका कंपनीच्या डेटा विभागात आहे आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेतो. उभा_आडवा यांच्या प्रतिसादातला प्रत्येक शब्द मला पटला. डेटा स्वच्छ करणे हे आमच्या कामातले सर्वांत मोठे काम असते, आणि अभ्यासक्रमात त्याला बहुधा एक ओळही मिळत नाही.

दोन श्रेयांकांत पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांना ते नाव आवडते आणि महाविद्यालयाला जाहिरातीत लिहायला बरे पडते, पण तीस तासांत मुले दुसऱ्याचा कोड उतरवून काढण्यापलीकडे जात नाहीत. त्याऐवजी स्प्रेडशीट पक्की करावी, पिव्होट टेबल, म्हणजे नोंदींचे गट पाडून बेरजा दाखवणारा तक्ता, करावे, आणि वेळ उरला तर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या निवड, गट आणि जोड या तीन गोष्टी घ्याव्यात. ज्याला सारण्या जोडता येतात त्याला पायथॉन पुढे सहा महिन्यांत येते. उलटे मात्र घडताना मी पाहिलेले नाही.

संख्याशास्त्राबद्दल एक उदाहरण देतो. एका गिऱ्हाइकाकडे दहा बिले होती. नऊ बिलांचे पैसे तीस-तीस दिवसांत आले आणि एकाचे तीनशे दिवसांनी. सरासरी निघते सत्तावन्न दिवस, मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, निघतो तीस. सरासरी पाहून मालक म्हणेल की हे गिऱ्हाईक नेहमी रखडवते, मध्यक पाहून म्हणेल की तक्रारीला जागा नाही. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत आणि दोन्हींनी निर्णय चुकतो, कारण खरा प्रश्न त्या दहाव्या बिलात आहे. मुलाखतीत मी हेच आकडे देतो. पदवीधर सरासरी लगेच काढून दाखवतात, पण ते दहावे बिल कशाचे होते असे विचारणारा उमेदवार मिळाला की मला पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

उभा_आडवा

मध्यक यांच्या उदाहरणाला आमच्या धंद्यातली जोड देतो. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात कलम १५ आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, आणि तसा करार नसेल तर पंधरा दिवसांत. चुकले तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. कापड विणणारा कारखानदार या संरक्षणात येतो, नुसता खरेदी-विक्री करणारा व्यापारी मात्र नाही.

हे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसतात. माल प्रत्यक्ष ताब्यात दिल्यापासून मोजायचे असतात, आणि खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तर ती हरकत दूर झाल्यापासून. मी पाहिलेल्या थकबाकीच्या बहुतेक तक्त्यांत दिवस बिलाच्या तारखेपासून मोजलेले असतात, कारण स्प्रेडशीटमध्ये तोच एक तारखेचा रकाना असतो.

कृष्णाकाठ

उभा_आडवा दादा, तुमच्या शेवटच्या वाक्याने माझा विद्यार्थी मला पुन्हा आठवला. वकीलसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की धनादेशाचे तीन महिनेही उलटून गेले होते, त्यामुळे दिवाणी दाव्याखेरीज मार्ग उरला नव्हता आणि तो आता चालू आहे. त्याच्याकडे धनादेशांची यादी संगणकात होती. त्या यादीत धनादेशाची तारीख होती, बँकेत भरल्याची तारीख होती, पण मेमो मिळाल्याच्या तारखेचा रकानाच नव्हता. तो रकाना असायला हवा हे त्याला कायद्याच्या पेपरने सांगायला हवे होते, आणि तो पेपर मी शिकवला होता.

तृतीयवर्ष

मी कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सर्वांचे म्हणणे मान्य करूनही विद्यार्थ्यांची अडचण मांडतो. आमच्या प्रश्नपत्रिकेत ‘वैध कराराची आवश्यक तत्त्वे लिहा’ असाच प्रश्न येतो, आणि त्याला कलमांच्या क्रमाने उत्तर लिहिले की गुण मिळतात. खामगावचा खटला वाचून मी त्यावर विचार केला तर त्याचे गुण कोणत्या प्रश्नात मिळणार? शिवाय आमच्या प्रयोगशाळेत एका संगणकावर तिघे बसतो, त्यामुळे माउस ज्याच्या हातात तोच शिकतो.

मला आणखी एक विचारायचे आहे. बी.कॉम. करता करता मद्रास आयआयटीची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी घेणे योग्य होईल का? वर्गातले दोघे ते करत आहेत.

मध्यक

तृतीयवर्ष, ती पदवी २०२० पासून आहे आणि एकाच वेळी दोन पदव्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परवानगी दिली आहे, त्यामुळे नियमाची आडकाठी नाही. आधी पात्रता टप्पा असतो आणि त्यात गणित, संख्याशास्त्र व संगणकीय विचार यांची खरी कसोटी लागते. आठवड्याला किती तास देऊ शकाल हे कागदावर लिहा आणि मग ठरवा. पायाभूत टप्पा पुरा करून थांबलेल्या उमेदवारांनाही मी पुढे घेतले आहे, म्हणजे अर्धवट सोडले तर सगळे वाया गेले असे नाही.

गोदाकाठ

माझी मुलगी बारावी वाणिज्य झाली आहे. तिला बी.बी.ए.मध्ये डेटा विश्लेषण घ्यायचे आहे, पण प्रवेश परीक्षा दिलेली नाही. बी.कॉम. घेतले तर ती मागे पडेल का?

कृष्णाकाठ

गोदाकाठ ताई, २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. आणि बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, आणि त्यामुळे आपल्या राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. तेव्हा अनेक महाविद्यालयांनी आपल्या जुन्याच अभ्यासक्रमाचे नाव बदलून त्याला बी.कॉम.चे रूप दिले, म्हणून नावावरून काही ठरवू नका. महाविद्यालयात जाऊन तीनच गोष्टी पाहा: सत्रांनुसार विषयांचे श्रेयांक किती, डेटाचा पेपर शिकवणारे शिक्षक कोण, आणि संगणक किती मुलांमागे एक. सी.ए.चा विचार असेल तर फाउंडेशनला व्यावसायिक कायद्यांचा स्वतंत्र पेपर आहे आणि गणित, तर्क व संख्याशास्त्राचाही आहे, तेव्हा बी.कॉम.ची ती तयारी वाया जात नाही.

तृतीयवर्ष, तुझी तक्रार खरी आहे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका माझ्या हातात नाही, पण अंतर्गत मूल्यमापन माझ्या हातात आहे, आणि तिथे मी बदल करू शकते. तो असा करावा म्हणते.

तिन्ही पेपरांचे अंतर्गत गुण एकाच कामावर द्यायचे. तिघांच्या गटाला गावातल्या एका व्यवसायाची एका तिमाहीची विक्रीची बिले, पोचपावत्या आणि वसुलीच्या नोंदी द्यायच्या. गटाने आधी कागदावर ठरवायचे की कोणकोणते रकाने लागतील, आणि प्रत्येक रकान्यापुढे तो का हवा ते लिहायचे. तारखेचा रकाना असेल तर कोणत्या कायद्याचे कोणते कलम ती तारीख मागते ते लिहायचे. हे झाल्याशिवाय संगणकाला हात लावायचा नाही, म्हणजे तिघांत एक संगणक असण्याची अडचणही थोडी कमी होईल. मग नोंदी भरायच्या, त्या स्वच्छ करायच्या, थकबाकीचा तक्ता काढायचा, आणि सर्वांत जास्त रखडलेल्या एका बिलाची पूर्ण हकीकत दोन पानांत लिहायची. ऑर्डर कशी आली, करार केव्हा व कुठे पुरा झाला, माल केव्हा पोचला, आज काय करता येईल आणि कशाची मुदत गेली, हे सगळे त्यात यायला हवे.

वकीलसाहेब, माहिती तंत्रज्ञानाच्या वाट्याला यात अजून कमी येते आहे, असे मला वाटते.

वऱ्हाडी_वकील

त्यासाठी पुराव्याचा भाग घ्या. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा मुद्दा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच, असे न्यायालयाने २०२० साली निश्चित सांगितले. तेव्हा ते पुरावा कायद्याचे कलम ६५ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, लिहावे लागते.

मुलांना एक फाइल घेऊन तिचे हॅश मूल्य काढायला सांगा. मग त्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम वाढवून पुन्हा काढायला सांगा. सगळे मूल्य बदललेले दिसेल. ई-बिलावर जो चौसष्ट चिन्हांचा संदर्भ क्रमांक असतो, तोही विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार व क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून अशाच रीतीने काढलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरीचा फोटो पुढे पाठवत राहण्यापेक्षा मूळ संदेश मूळ फोनमध्ये जपून ठेवणे का महत्त्वाचे, हे त्यांना व्याख्यानाशिवाय समजेल.

उभा_आडवा

माझ्याकडच्या एका कारखान्याची मागच्या वर्षीची एक तिमाही मी मालकांना विचारून देऊ शकेन. साधारण तीनशे बिले असतील. मालकांची एकच अट राहील, की गिऱ्हाइकांची नावे आणि फोन बाहेर जाऊ नयेत.

वऱ्हाडी_वकील

ती अट रास्त आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाठ तिथेच द्या. बरीच गिऱ्हाइके एकट्या मालकीची असतात, त्यामुळे दुकानाचे नाव आणि फोन म्हणजे माणसाचीच माहिती. जीएसटी क्रमांकातही मधली दहा चिन्हे पॅनची असतात, म्हणून तोही काढा. तपासणीच्या चिन्हाच्या सरावासाठी मुले बनावट क्रमांक तयार करतील. नावांच्या जागी गि-१, गि-२ असे क्रमांक घाला, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी फक्त मालकांकडे राहू द्या.

तारखांना मात्र हात लावू नका. सरावासाठी म्हणून कोणी त्या सरकवून दिल्या तर मुले जे मोजतील ते खरे राहणार नाही.

कृष्णाकाठ

तारखा जशाच्या तशा ठेवते. दादा, बिलांबरोबर माल पोचल्याच्या पावत्याही मिळाल्या तर पाहा. त्या कागदावर असल्या तरी चालेल, मुले भरून घेतील.

उभा_आडवा

पावत्या कागदावरच आहेत, ड्रायव्हरच्या सहीच्या. काहींवर तारीख नाही. तशाच पाठवू का?

कृष्णाकाठ

हो, त्या आधी पाठवा.